विमानाच्या पोटाखालची माणसं

३ मार्च १९७४, रविवार. पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर टर्किश एअरलाइन्सचं डीसी-१० जातीचं विमान लंडनला निघायच्या तयारीत होतं. इस्तंबूलहून येताना त्यात बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. पण ब्रिटिश युरोपियन एअरवेजमधल्या संपामुळे पॅरिसमध्ये ताटकळलेले दोनशेहून जास्त प्रवासी ऐनवेळी त्यात चढले आणि विमान गच्च भरलं. या धांदलीत निघायला अर्धा तास उशीर झाला होता.

खाली, विमानाच्या डाव्या कुशीला, मागच्या सामानकप्प्याचं दार एका लोडरने लावलं. हा माणूस मूळचा अल्जेरियाचा. टर्किश एअरलाइन्सचा तो नोकर नव्हता. विमानतळावर अशी कामं घेणाऱ्या एका कंपनीकडे तो होता. त्याला एकाहून जास्त भाषा येत होत्या, पण दारापाशी चिकटवलेली सूचना इंग्रजीत आणि तुर्कीत होती आणि नेमक्या याच दोन त्याला येत नव्हत्या. त्याला शिकवलेलं एवढंच, की विजेवर फिरणाऱ्या कड्या बसल्या की बाहेरची मूठ खाली ओढायची; मूठ नीट बसली की दार लागलं. मूठ बसली. अगदी सहज बसली.

दारात इंचभर व्यासाची एक काचही होती. तिच्यातून डोकावून कुलपाच्या पिना जागेवर गेल्या की नाही हे पाहायचं असे. ते लोडरचं काम नव्हतं. ते करायचा टर्किशचा ओर्लीवरचा मुख्य मेकॅनिक, नाहीतर विमानातला फ्लाइट इंजिनिअर. मुख्य मेकॅनिक त्या दिवशी रजेवर इस्तंबूलला होता.

उड्डाणानंतर दहाएक मिनिटांनी, साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, ते दार निसटून गेलं. सामानकप्प्यातली हवा एका झटक्यात बाहेर पडली, वर प्रवासी बसले होते तिथली दाबातली हवा अडकून राहिली आणि त्या दाबाने दोन्हींमधली फरशी खचली. शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा त्याच फरशीखालून नेलेल्या होत्या. ७७ सेकंदांत विमान एर्मेनोंव्हिलच्या जंगलात कोसळलं. ३४६ माणसं गेली. एकही वाचलं नाही.

पहिलं बोट लोडरकडे गेलं. साहजिकच होतं, दाराला शेवटचा हात त्याचा लागला होता. पण चौकशी पुढे सरकली तसं दिसलं की या दारातली खोट बनवणाऱ्या मॅकडॉनल डग्लसला आणि अमेरिकेच्या हवाई खात्याला जवळपास दोन वर्षं माहीत होती. १२ जून १९७२ ला अमेरिकन एअरलाइन्सच्या डीसी-१०चं हेच दार कॅनडातल्या विंडसर गावावर असंच उडून गेलं होतं. त्या विमानात ६७ जण होते, फरशी अर्धवटच खचली आणि वैमानिकाने कसब पणाला लावून सगळ्यांना सुखरूप खाली आणलं.

विंडसरच्या त्या विमानाचं दार डेट्रॉइटला लावलं गेलं होतं. तिथल्या लोडरला मूठ बसेना, तेव्हा त्याने गुडघा लावून ती दाबून बसवली. तरी त्याला काहीतरी खटकलं: दारावरची छोटी झडप जराशी वाकडी दिसत होती. त्याने मेकॅनिकला बोलावून ती दाखवली. मेकॅनिकने पाहिली आणि विमान सोडलं.

या दोन लोडरांना शेजारी उभं करून पाहावं. डेट्रॉइटच्या माणसाच्या हाताला अडथळा जाणवला. ओर्लीच्या माणसाला जाणवला नाही, कारण मधल्या काळात त्या विमानाच्या कुलपाच्या पिना जुळवताना भलत्या दिशेने फिरवल्या गेल्या होत्या. परिणामी कड्या पुऱ्या बसल्या नसल्या तरी मूठ अलगद खाली येई. विंडसरनंतर ठरलेला आधाराचा पत्राही त्या दारात नव्हता. कागदोपत्री तो बसवल्याची नोंद मात्र होती. दार लागलं नाही हे सांगणारी हाताची खूण अशा रीतीने आधीच काढून घेतलेली होती. उरली ती काच. तिच्यातून पाहून उमगेल असा माणूस रजेवर, आणि त्याच्या जागी कोण पाहणार हे ठरलेलं नाही.

अनुभव अनुभव म्हणतात तो रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून हाताळतात त्या आवारात, या दोन गोष्टींत असतो. नेहमीचं कसं असतं हे हाताला, कानाला, नाकाला माहीत असणं ही एक. आणि कामगाराला काही वेगळं वाटलं तर त्याच्या शब्दावर विमान थांबणं ही दुसरी. डेट्रॉइटच्या लोडरकडे पहिली होती, दुसरी नव्हती. विमान कंपन्या पहिलीबद्दल प्रशिक्षणाच्या वर्गात बोलतात. दुसरीबद्दल बोलायची वेळ आली की घड्याळाकडे पाहतात.

•

मुंबईच्या विमानतळावर काचेपाशी खुर्ची मिळाली, तर फोन खिशात ठेवून अर्धा तास खाली पाहत बसावं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी कामाची एकच. आणि त्या एकीवर दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. देशांतर्गत विमानाला बेवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, जेमतेम अर्धा-पाऊण तास मिळतो. तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे माणसं उतरायची, तेवढीच चढायची, बॅगा, इंधन, पाणी, शौचालयाची टाकी, जेवणाच्या ट्रॉल्या, साफसफाई. सगळं एकाच वेळी, एकमेकांच्या पायात पाय घालत.

विमान येऊन थांबतं. पोटाखालचा लाल दिवा लुकलुकत असेपर्यंत कुणी जवळ जात नाही. जुना लोडर दिवा विझला तरी पाती मंदावण्याचा आवाज ऐकतो, मग पाऊल टाकतो. नवा पोरगा पळत सुटलेला असतो आणि कुणीतरी त्याच्या जॅकेटला धरून मागे ओढतं. चाकं सरकू नयेत म्हणून चॉक लागतात. पंखांच्या टोकांशी आणि इंजिनांसमोर नारिंगी कोन ठेवले जातात. बेल्ट लोडर, म्हणजे तो सरकत्या पट्ट्याचा तिरका वाहनप्रकार, सरळ विमानाला जाऊन भिडत नाही. आधी काही अंतरावर थांबून ब्रेक दाबून बघायचा आणि मग समोरच्या माणसाच्या हातवाऱ्यावर इंच इंच पुढे न्यायचा, असा दंडक आहे. घाईच्या दिवशी पहिला बळी त्या थांबण्याचाच जातो.

इंजिनिअर विमानाला प्रदक्षिणा घालतो. टॉर्च इंजिनाच्या पात्यांवरून फिरतो, चाकाच्या रबरावरून हात फिरतो, खाली सांडलेला थेंब पाण्याचा की तेलाचा हे बोटाने पाहिलं जातं. आत, कंबरेत वाकून काम करावं लागेल एवढ्याच उंचीच्या कप्प्यात, दोघे-तिघे बॅगा रचत असतात. मे महिन्यात तिथे काय उकाडा असतो याची कल्पना वर एसीत बसलेल्याला येणार नाही. बॅगा कुठल्या कप्प्यात किती, हे त्यांच्या मर्जीवर नाही. लोडशीटवर लिहिलेलं असतं, कारण त्यावरच विमानाचा तोल ठरतो. जाळी लावायची, हूक अडकवायचे. एखाद्या खोक्याला ओल आली असेल किंवा उग्र वास येत असेल, तर ते सगळ्यात आधी त्यांनाच कळतं.

मग पुशबॅक. टग विमानाला मागे ढकलतो. पुढच्या चाकाजवळ हेडसेट लावलेला माणूस वैमानिकाशी बोलत चालत असतो. ढकलताना पुढचं चाक वैमानिकाच्या हातात राहू नये म्हणून तिथे एक पिन घातलेली असते, तिला लाल पट्टी लटकलेली असते. टग सुटला, टो-बार निघाला, हेडसेटची वायर काढली की हा माणूस बाजूला जाऊन वैमानिकाला दिसेल असा उभा राहतो आणि ती पिन, लाल पट्टीसकट, उंच धरून दाखवतो. कॉकपिटमधून हात हलतो. पिन दाखवण्याचा अर्थ ती माझ्याकडे आहे, माणसं बाजूला आहेत, आता जा. कॉम्प्युटरने भरलेल्या, कोट्यवधी डॉलरच्या यंत्राला निघायची शेवटची परवानगी अजूनही हात वर करून दिली जाते.

ती परवानगी किती गंभीर आहे हे मुंबईने १६ डिसेंबर २०१५ च्या रात्री पाहिलं. एअर इंडियाचं हैदराबादला जाणारं ए-३१९ विमान पुशबॅक होऊन उभं होतं. खालून इशारा मिळायच्या आत ते पुढे सरकलं आणि जवळच उभा असलेला एअर इंडियाचाच तंत्रज्ञ इंजिनात खेचला गेला. चालू इंजिनापुढे ओढ किती लांबपर्यंत असते, हे त्या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्याला ठाऊक असून उपयोग झाला नाही, कारण वरच्याने खालच्याची वाट पाहिली नाही.

फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेचा एक जुना अंदाज आहे: जगभरात वर्षाला सुमारे २७,००० रॅम्प अपघात, म्हणजे दर हजार उड्डाणांमागे एक. यातले बहुतेक वर्तमानपत्रात येत नाहीत. खरचटलेला पंख, चेपलेलं दार, मोडलेलं बोट.

•

आता सिएटल. अलास्का एअरलाइन्सने मे २००५ मध्ये तिथल्या आपल्या ४७२ रॅम्प कामगारांना, युनियनच्या, वर्षानुवर्षं तेच काम केलेल्या माणसांना, घरी पाठवलं आणि ते काम मेन्झीज या कंपनीला कंत्राटाने दिलं. २६ डिसेंबर २००५ ला बरबँकला निघालेलं त्यांचं एमडी-८० मालिकेतलं विमान २६,००० फुटांवर असताना मोठा आवाज झाला, आतला हवेचा दाब गेला आणि प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे लोंबकळू लागले. वैमानिकांनी विमान झपाट्याने खाली आणून सिएटलला परत उतरवलं. कुणाला इजा झाली नाही. उतरल्यावर पाहिलं तर अंगाच्या पत्र्याला फूटभर लांब आणि अर्धा फूट रुंद भोक. निघण्याआधी रॅम्पवर एका कामगाराच्या वाहनाची धडक तिथे बसली होती. त्याने ती कुणाला सांगितली नव्हती. पत्र्यावर पडलेली घडी वर गेल्यावर उकलली.

चौकशीचा निष्कर्ष धडक न कळवण्याबद्दलचा आहे. सात महिन्यांपूर्वीच्या कंत्राटाचा धागा त्याला जोडतो आहे तो मी, आणि तो जपून जोडायला हवा. धडक अनुभवी माणसाच्या हातूनही बसते. वीस वर्षं टग चालवलेल्याचाही एखाद्या पावसाळी रात्री अंदाज चुकतो. प्रश्न पुढच्या दोन मिनिटांचा आहे. जुना, कायम नोकरीतला माणूस सुपरवायझरला नावाने ओळखतो, शिव्या खाईल पण नोकरी जाणार नाही हे त्याला माहीत असतं, आणि दाबाखालच्या पत्र्याला घडी पडली की वर काय होतं हे त्याने कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. सात महिन्यांपूर्वी लागलेल्या, कमी पगाराच्या, उद्या कंत्राट बदललं तर घरी बसणाऱ्या पोराला यातलं काय माहीत असतं? त्याला एकच हिशेब येतो: सांगितलं तर पगार जाईल, नाही सांगितलं तर बहुधा काही होणार नाही. बहुधा होतही नाही. म्हणून तर तो हिशेब टिकून राहतो.

विमानविद्येतले लोक याला उत्तर म्हणून एक धोरण सांगतात: चूक कळवणाऱ्याला शिक्षा नको, लपवणाऱ्याला हवी. कागदावर आपल्याकडेही ते आहे. पण तीन कंत्राटदारांच्या साखळीत तिसऱ्या कडीला लटकलेल्या माणसापर्यंत हा कागद पोचतो का, हे बोर्डरूममध्ये बसून कळणार नाही.

आणि इथे एक नवी अडचण आली आहे, तिची चर्चा पुरेशी होत नाही. सिएटलचं विमान ॲल्युमिनियमचं होतं. ॲल्युमिनियम चेपतं, घडी पडते, डोळ्याला दिसतं. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० यांचं अंग बहुतांशी कार्बन तंतूंच्या थरांचं असतं. त्याला रबरी बंपर लावलेलं जड वाहन हळूच भिडलं, तर वर ओरखडाही न दिसता आतल्या फासळ्या तुटू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत अशा धडकांवर वर्षानुवर्षं प्रयोग झाले आहेत, युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेनेही यावर काम करवून घेतलं आहे. पूर्वी कामगार गप्प बसला तरी पत्रा बोलत असे. आता धडकेचा एकमेव साक्षीदार म्हणजे वाहन चालवणारा. मुंबई-दिल्लीच्या बेवर रोज उभी राहणारी ७८७ विमानं त्याच्या प्रामाणिकपणावर सोडलेली आहेत. त्याला कंपन्या किती पगार देतात, त्याकडे येतोच.

•

ठिकाणाचं ज्ञान हा अनुभवाचा आणखी एक प्रकार, आणि त्याची मासलेवाईक गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची. तिथे कुंभारमाश्यांचा सुळसुळाट आहे. विमानाचा वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या या माश्यांना घरट्यासाठी आयत्याच सापडतात. वीस मिनिटांतही एखादी माशी नळी चिखलाने बुजवू शकते. म्हणून ब्रिस्बेनला विमान उभं राहिलं की नळ्यांवर टोप्या चढवण्याची पद्धत आहे. १८ जुलै २०१८ च्या रात्री मलेशिया एअरलाइन्सचं ए-३३० क्वालालंपूरला निघालं ते या टोप्यांसकट. तिन्ही नळ्यांवर टोप्या, त्यांना लाल पट्ट्या लोंबलेल्या, आणि विमान धावपट्टीवर. वेगदर्शक बिघडलेले दिसत असूनही उड्डाण थांबवलं गेलं नाही. हवेत गेल्यावर वैमानिकांनी दुसऱ्या साधनांच्या आधाराने तासाभराने विमान परत आणलं.

त्या कंपनीने ब्रिस्बेनची सेवा जेमतेम महिनाभरापूर्वी पुन्हा सुरू केली होती. रॅम्पचं काम एका कंत्राटदाराकडे, देखभालीचं दुसऱ्याकडे. टोप्या एकाने चढवल्या. निघण्याआधीची शेवटची प्रदक्षिणा नियमाप्रमाणे झाली नाही. कुठल्याही एका माणसाचा गाढवपणा म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण विमानाभोवती त्या रात्री माणसं बरीच होती. टोप्या काढणं हे आपलं काम आहे असं त्यातल्या नेमक्या कुणाला वाटायला हवं होतं, ते नव्या घडीत अजून बसलेलं नव्हतं. एकाच गावात दहा वर्षं तेच विमान पाहिलेला माणूस यादीत नसलेल्या गोष्टीही बघतो. त्याला माश्या ठाऊक असतात.

याच जातीची चूक लिमामध्ये जिवावर बेतली. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं बोइंग ७५७ धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर चिकटपट्टी लावली गेली, ती काढायची राहिली, आणि काळ्याकुट्ट रात्री समुद्रावर वैमानिकांना आपली उंची आणि वेग कळेनासा झाला. ७० जण गेले. पट्टी लावणाऱ्या कामगाराला शिक्षा झाली. काम झाल्यावर तपासायला ज्यांनी यायचं असतं, त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत.

लोडशीटवाल्यांचं काम तर दिसतही नाही. २१ जुलै २०२० ला बर्मिंगहॅमहून पाल्माला गेलेल्या टुई कंपनीच्या विमानाचं खरं वजन लोडशीटपेक्षा १,२४४ किलोंनी जास्त निघालं. कारण ऐकून हसू येतं: नव्या सॉफ्टवेअरने नावापुढे मिस लावलेल्या बायकांना लहान मुली धरलं होतं आणि प्रत्येकीला ६९ऐवजी ३५ किलो दिले होते. विमान ठरलेल्या मर्यादेत राहिलं, काही बिघडलं नाही. त्या विमानाच्या लोडशीटवर ६५ मुलं होती आणि फ्लाइट प्लॅनवर २९. वैमानिकांना आकडा जास्त वाटला होता. पण कोविडच्या दिवसांत तिकिटं रद्द होऊन याद्या रोज बदलत होत्या, म्हणून त्यांनी तो मान्य केला. गेटवर उभं राहून आयुष्यभर माणसं मोजलेली बाई म्हणाली असती, अहो, पासष्ट पोरं असती तर गोंगाट ऐकू आला नसता का?

•

कोविडमध्ये जगभरच्या कंपन्यांनी अशीच माणसं आधी कमी केली. २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले, तेव्हा ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाला रोजच्या प्रवाशांवर मर्यादा घालावी लागली, लंडनच्या हीथ्रोने दिवसाला एक लाखाच्या वर प्रवासी घेणार नाही म्हणून सांगितलं. गेलेली माणसं परत आलीच नाहीत. कोणी गोदामात लागलं, कोणी कुरियरच्या गाडीवर. विमानतळापेक्षा तिथे रात्री झोपायला मिळतं.

आपल्याकडे माणसांचा तुटवडा नाही. जुलै २०२४ मध्ये एअर इंडिया एअरपोर्ट सर्व्हिसेसने मुंबईत हँडीमन आणि रॅम्पवरच्या तत्सम दोन हजारांच्या आसपास जागांसाठी थेट मुलाखती ठेवल्या, तर कालिन्यात पंचवीस हजारांच्या आसपास पोरं जमली. चेंगराचेंगरी होईल म्हणून शेवटी अर्ज ठेवून घरी जा म्हणायची पाळी आली. गावाकडून रात्रीची गाडी पकडून आलेले, पदवी खिशात असलेले, बॅगा उचलायच्या कामासाठी. पगार बावीस-पंचवीस हजारांच्या घरात, नोकरी मुदतीच्या कराराची. दारात एवढी गर्दी असली की आत असलेल्याची किंमत ठरवणाऱ्याला वाटतं, एक गेला तर दहा मिळतील. दहा मिळतीलही. पण झडप वाकडी आहे हे ओळखणारा त्या दहांत असेलच असं नाही, आणि तो तयार व्हायला लागणारी वर्षं मुदतीच्या करारात मावत नाहीत.

हे सरकारला आणि विमानतळांना कळत नाही असंही नाही. १५ मे २०२५ ला राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी रद्द झाली. मुंबईतल्या ग्राउंड हँडलिंगचा मोठा वाटा तिच्याकडे होता. निर्णयाच्या राजकारणात मी शिरत नाही. पाहण्यासारखं होतं ते पुढचं: कंपनी गेली, पण तिच्या कामगारांना आहे त्याच अटींवर दुसऱ्या कंपन्यांत घेतलं जाईल, असं विमानतळांनी ताबडतोब जाहीर केलं. गाड्यांवरची नावं बदलली, ड्रायव्हर तेच. परवाना एका संध्याकाळी रद्द करता येतो, पण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानाला पुशबॅक द्यायला कालचाच माणूस लागतो, याची ही कबुली होती. मुंबईतल्या या कामगारांत मराठी मुलांचा भरणा मोठा आहे आणि त्यांच्या युनियनांवर शिवसेनेच्या भारतीय कामगार सेनेचा प्रभाव जुना आहे. युनियनने भरतीत आणि पगारात जेवढा आवाज लावला त्याच्या निम्मा शिफ्टच्या तासांवर लावला असता तर बरं झालं असतं, असं माझं मत आहे.

कारण झोप. २२ डिसेंबर २०१५ ला पहाटे कोलकात्यात प्रवाशांची बस उभ्या एटीआर विमानावर जाऊन आदळली. चालकाला डुलकी लागल्याचं सांगण्यात आलं. १८ एप्रिल २०२५ ला बंगळुरूमध्ये एक टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या ए-३२० च्या नाकाखाली घुसला, पुन्हा डुलकी. मध्ये जवळपास दहा वर्षं. वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांवरून आपल्याकडे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि व्हायलाच हव्या होत्या. पहाटे साडेतीनला विरार किंवा कल्याणच्या बाजूने निघालेल्या, दुसरी शिफ्टही ओढलेल्या रॅम्प ड्रायव्हरच्या झोपेसाठी कोण कोर्टात जाणार?

जून २०२५ मध्ये, अहमदाबादच्या भीषण अपघातानंतर, देशातल्या हवाई वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने मोठ्या विमानतळांची झाडाझडती घेतली. त्या तपासणीत बॅगांच्या ट्रॉल्या आणि बेल्ट लोडरसारखी साधनं नादुरुस्त सापडली. रॅम्पवरच्या बऱ्याच वाहनांना वेग रोखणारे गव्हर्नरच नव्हते. त्या वाहनांचे परवाने काढून घेतले आणि चालकांचे परवाने निलंबित झाले. ही शेवटची ओळ वाचून मी अडखळलो. गव्हर्नर बसवायचा खर्च मालकाचा, तो आहे की नाही हे बघायचं काम मालकाच्या देखभाल विभागाचं. लायसन्स गेलं ते ड्रायव्हरचं. ओर्लीच्या लोडरची जातकुळी अजून संपलेली नाही.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. तिथे नवी यंत्रं असतील, चकचकीत विजेवरचे टग असतील. अंतर ओळखून आपोआप थांबणारी वाहनं वापरली तर विमानांना होणारी इजा बरीच घटेल, असं विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयाटा म्हणते, आणि ते खोटं नाही. माणसाच्या लक्षात राहण्यावर सुरक्षा सोडण्यापेक्षा चूक होऊच नये अशी वस्तू बनवणं केव्हाही श्रेयस्कर. अनुभवाचे गोडवे गाणाऱ्यांनी, माझ्यासारख्यांनी, हे विसरू नये. फक्त दोष सापडणं आणि दुरुस्ती शेवटच्या विमानापर्यंत पोचणं यांच्यात काळ जातो, आणि तो काळ रॅम्पवरची माणसं अंगावर घेतात.

हीथ्रोवर १८ जून २०२१ ला ब्रिटिश एअरवेजचं एक ७८७ फ्रँकफर्टला जायच्या तयारीत होतं. प्रवासी नव्हते, पोटात माल भरणं चालू होतं. एका बिघाडाच्या तपासणीसाठी चाकं आत घेण्याची कळ फिरवायची होती, आणि तेव्हा चाकं खरंच आत जाऊ नयेत म्हणून आधी पिना घालायच्या होत्या. पुढच्या चाकाच्या पिनेचं भोक उंचावर. मुख्य मेकॅनिकचा हात पुरेना, म्हणून सहकारी शिडीवर चढला आणि मुख्य मेकॅनिकने खालून बोटाने भोक दाखवलं. तिथे दोन भोकं आहेत, जवळजवळ. पिन दुसऱ्यात गेली आणि घट्ट बसली. कॉकपिटमध्ये कळ फिरली तसं पुढचं चाक दुमडलं आणि विमान नाकावर आपटलं. सहवैमानिकाला आणि माल भरणाऱ्या एकाला किरकोळ दुखापत झाली. पिन जाऊच नये म्हणून त्या दुसऱ्या भोकात बसवायची छोटी बुशिंग तयार होती. ती बसवायचा अमेरिकेच्या हवाई खात्याचा आदेश जानेवारी २०२० पासून लागू होता. मुदत ३६ महिन्यांची होती. त्यातले १७ झाले होते.